कोऱ्या भिंतीवरचा धडा

वीज गेली तेव्हा धड्याचं पहिलंच वाक्य भिंतीवर होतं.

प्रोजेक्टरचा पंखा सुस्कारा टाकून थांबला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे तोही विझला. भिंतीवरचा उजेडाचा चौकोन नाहीसा झाला आणि मी सवयीनं तोंड उघडलं, "बसा शांत, येईल आता," असं म्हणायला. पण थांबलं कुणीच नव्हतं. भिंतीशी छडी घेऊन उभी असलेली ऋतुजा हाके छडी सरकवत होती आणि सतरंजीवरची पोरं एका सुरात वाचत होती.

"कमल नळावर गेली. कमलने घागर भरली. घा..."

इथे सगळी थांबली. एक, दोन, तीन.

"...गर जड होती. अगं ए, दूध चाललं उतू! कमल दमली. कमल सावलीत बसली."

ओळ संपली त्या जागी ऋतुजाची छडी उचलली गेली, परत डावीकडे आली आणि एक वीत खाली टेकली. बरोबर तिथेच, जिथे दुसरी ओळ असायची. भिंतीवर ओळ नव्हती. भिंतीवर चुना होता.

दूध उतू जाण्याचं वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ते माझ्या सासूबाईंचं आहे. धड्याचा व्हिडिओ मी घरी, ओट्याशेजारच्या टेबलावर बसून, माझ्याच आवाजात वाचून तयार केला होता आणि ऐन घागरीपाशी त्यांनी आतून हाक मारली. 'घा' आणि 'गर' यांच्यामधला खड्डाही माझाच. तिथे मी पान उलटलं होतं. पहिल्या आठवड्यात पोरं दुधापाशी हसली, दुसऱ्यात हसायची थांबली, आणि मला वाटलं, चला, वर्गाला शिस्त लागली.

या गोष्टीला आता दहा वर्षं झाली. तेव्हा मी हिंगणदऱ्याच्या दोन शिक्षकी शाळेत होते. पहिली-दुसरी मिळून चौदा मुलं माझ्याकडे, तिसरी-चौथी मुख्याध्यापक नलवडे सरांकडे. तालुक्यात माझी ओळख 'तंत्रस्नेही शिक्षिका रणनवरे बाई' अशी होती. म्हणजे मला व्हिडिओ करता येत होता. त्यातून दूध काढून टाकता येत नव्हतं.

अंधारात (खिडक्यांना आम्ही घोंगडी लावलेली असत, नाहीतर भिंतीवर काही दिसत नसे) एकच आवाज सुरात नव्हता.

"बाई."

"काय गं सगुणा?"

"भिंतीवर काय बी न्हाय."

"वीज गेलीय."

"व्हय. मग ही कुटनं वाचत्यात?"

मी खिडकीवरचं घोंगडं ओढून काढलं. उजेड आला तशी पोरं दचकून गप्प झाली. ऋतुजाची छडी मात्र 'सावलीत'वर टेकून राहिली होती.

मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'घागर', आणि ऋतुजाला विचारलं, "हे काय आहे?"

ऋतुजा वर्गाची मॉनिटर. धडा घडाघडा म्हणायची. तिचा आवाज ऐकायला मी बाहेरच्या पाहुण्यांना मुद्दाम वर्गात आणायची. तिनं शब्दाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शहाण्यासारखं विचारलं, "कितवा हाय, बाई?"

"कितवा म्हणजे?"

"म्हंजी कितव्या वाक्यातला? तेवडं सांगा, लगेच वाचती."

"मुद्दाम नाही सांगत. नुसतं बघून वाच."

ती बराच वेळ बघत राहिली. खालचा ओठ हलायला लागला. शेवटी म्हणाली, "कमल?"

समर्थ म्हणाला, "नळ." आणखी कुणी 'दूध' म्हणालं. दोघा-तिघांनी तर पहिल्या वाक्यापासून हळूच सुरुवात करून बोटांवर शब्द मोजत घागरीपर्यंत पोचायचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत दूध उतू गेलं आणि हिशेब चुकला. मग सगुणा मदने पुढे आली. फळ्याला नाक लावलं. 'घ'च्या वळणावरून बोट फिरवलं. मग काना. मग 'ग'.

"घा," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "ग." आणखी वेळ. "र." मग मागे वळून, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "घागर हाय."

अर्धं मिनिट तरी लागलं असेल. माझ्या कपाटातल्या नोंदवहीत तेरा नावांपुढे 'प्रगत' होतं आणि सगुणाच्या नावापुढे, माझ्याच वळणदार अक्षरात, 'अप्रगत'. कारण ती सुरात म्हणत नसे. सगळी पुढे गेली की ही मागे एकाच शब्दावर बसलेली असायची, उकिरड्यावर दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखी.

तो सोमवार होता. पुढच्या मंगळवारी पंचायत समितीतून विस्तार अधिकारी देवकुळे मॅडम येणार होत्या, तालुक्यातली आदर्श डिजिटल शाळा निवडायला. प्रोजेक्टर गावानं वर्गणी काढून आणलेला. त्याच्यासाठी भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा पुसून चुना मारला होता. चुना पातळ निघाला. प्रत्येक धड्याच्या डाव्या कडेला कोकण किनारपट्टी थोडीशी दिसायचीच.

दुपारच्या सुट्टीत मी सरांच्या वर्गात गेले. ते डबा उघडून बसले होते.

"सर, मुलांना वाचता येत नाही."

"कोणत्या?"

"सगळ्या."

"ती सगुणा तर पहिल्यापासूनच..."

"सगुणा सोडून."

सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो हातात तसाच धरला. मी झालेलं सगळं सांगितलं, दुधासकट. त्यांनी ऐकून घेतलं. नलवडे सर भला माणूस. छत्तीस वर्षांत त्यांनी एकाही मुलावर हात उचलला नव्हता आणि वरिष्ठांसमोर आवाजही.

"बाई, आता मी काय सांगतो ते रागावू नका," ते म्हणाले. "ही गोष्ट कुणाला ठाऊक आहे?"

"मला. तुम्हाला. सगुणाला."

"मग मंगळवार होऊ द्या. बुधवारपासून तुम्ही वाचायला शिकवा, मी स्वतः बसतो एका कोपऱ्यात पोरं घेऊन. पण मंगळवार होऊ द्या."

"म्हणजे व्हिडिओ लावायचा."

"चार महिने लावताय की. आणखी एकदा." त्यांनी तुकडा डब्यात परत ठेवला. "छत्तीस वर्षं खडूनं शिकवलं, बाई. इथली निम्मी गावकी माझ्या हाताखालून गेली. एक माणूस बघायला आला नाही. पाणी कुठलं पिता म्हणून विचारायलासुद्धा नाही. आता येतायत. माझे राहिलेत एकोणीस दिवस. जाताना भिंतीवर एक कागद लावून जाऊ द्या मला. मागत नाही दुसरं काही."

 कुणी असं मागितलं की मी एरवी मान हलवते. त्या दिवशी हलवली नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शाळा सुटताना सगुणाची आई फाटकाशी उभी होती. काठी, डोईवर चुंबळ, मागे दोन मेंढ्या.

"बाई, यक इचारू? पोरगीनं काय केलं?"

"कुणी सांगितलं काही केलं म्हणून?"

"सर म्हनले, म्होरल्या मंगळवारी तिला पाटवू नगा. मेंढरांमागं जाऊ द्या. सायेब येनार हायती. म्हनलं आसंल कायतरी. मंद हाय न्हवं ती जरा."

सगुणा आईच्या पदराचं टोक धरून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मेंढ्यांकडेही नाही. फाटकाच्या पट्टीवर रंगानं शाळेचं नाव लिहिलेलं आहे, त्यातलं पहिलं अक्षर बोटानं गिरवत होती.

"मंद कोण म्हणालं?"

"तुमीच की, बाई. दिवाळीला सांगितलं न्हाय का, जरा मागं हाय म्हनून?"

सांगितलं होतं.

"सगुणाची आई, नीट ऐका. वर्गात एकटी तीच वाचते. मागे होते ती मी. मंगळवारी ती आली पाहिजे. ती आली नाही, तर मीही येणार नाही."

"आवो पन सर..."

"सरांचं मी बघते."

तिला फारसं पटलं नाही. मेंढ्यांना 'हुर्र' करून ती निघाली. दहा पावलांवर गेल्यावर तिनं सगुणाच्या पाठीत हलकासा धपाटा घातला आणि वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं, बाजारातून आणलेली वस्तू घरी आल्यावर पुन्हा निरखावी तसं.

बुधवारी मी व्हिडिओ बंद केला. प्रोजेक्टर बंद केला नाही. गावानं आणलेला प्रोजेक्टर बंद ठेवला तर दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरते. मी कोरं पान उघडलं, अक्षरं चुलीवरच्या भाकरीएवढी मोठी केली आणि म्हटलं, "आज धडा नाही. तुम्ही बोलायचं, मी लिहिणार. जे बोलाल ते भिंतीवर येईल."

कुणी बोलेना. एरवी ज्यांना गप्प करताना घसा बसतो, ती चौदाच्या चौदा तोंडं मिटली.

"बाई," शेवटी सगुणा म्हणाली, "आमची भुरी व्याली."

मी टाइप करायला घेतलं. तंत्रस्नेही म्हणून सांगायला लाज वाटते, पण माझा मराठी टायपिंगचा वेग मिनिटाला सहा शब्द. एकेक बटण शोधावं लागे. 'आ' आलं. थांबणं. 'म'. थांबणं. मग 'ची'. पोरं भिंतीकडे अशी बघत होती जसं बिळातून काय बाहेर येतंय ते बघावं. व्हिडिओत अख्खी ओळ एकदम यायची आणि एकदम जायची, पोरांना तिच्यामागे धावावं लागायचं. इथे अक्षर त्यांची वाट बघत होतं. ते येईपर्यंत आधीचं वाचून व्हायचं. माझ्या अडाणीपणाचा वेग पहिलीच्या वाचनाला अगदी मापाचा निघाला.

"भु... री," समर्थ ओरडला. "बाई, भुरी! हितं भुरी लिवलंय!"

"दोन कोकरं झाली," सगुणा म्हणाली. तेही आलं. "यक मेलं." तेही.

त्या दिवशी वर्गात भूकंप झाला. बोललेलं भिंतीवर येतं! प्रत्येकाला बोलायचं होतं. एका पोरानं 'समर्थनं माझा खडू घेतला' असं लिहायला लावलं आणि समर्थला स्वतःवरचा आरोप स्वतःच मोठ्यानं वाचावा लागला. अर्धा वाचल्यावर त्याच्या लक्षात आलं हे काय आहे. तो उठून भिंतीशी गेला, तळहातानं 'खडू' पुसायला लागला. शब्द त्याच्या हातावर आला, मनगटावर आला, पण जाईना. मग त्यानं खिशातून खडू काढून दिला.

गुरुवारी पोरांनी नियमच करून टाकला. वर्गात कुणीही तोंड उघडलं की बाकीचे ओरडायचे, "बाई, बोलला! लिवा!" मला पाणी मागायचीही चोरी झाली. 'समर्थ, पाणी आण' हेही भिंतीवर लिहावं लागलं आणि ते वाचून होईपर्यंत मी तहानलेली. त्या आठवड्यात संक्रांत आली. 'तिळगूळ घ्या' हे वाचल्याशिवाय कुणाला तिळगूळ मिळाला नाही. 'घ्या'पाशी तिघं अडली आणि रडकुंडीला आली, पण सोडलं नाही.

सगळ्यात वाईट हाल ऋतुजाचे. चार महिने ती सगळ्यांत पुढे होती आणि आता तिला सगुणाशेजारी बसून 'क' आणि 'फ' वेगळे ओळखायला लागत होते. शुक्रवारी तिनं छडी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, मला मॉनिटर नगं."

"का गं?"

"मला येत न्हाय."

"मलाही येत नव्हतं," मी म्हटलं. "मला चार दिवसांपूर्वी कळलं. छडी ने परत. ती उभी धरायला वाचता यावं लागत नाही."

तिनं छडी नेली. पण सोमवारी भिंतीवर 'म्हैस' आलं तेव्हा ती छडी त्या शब्दाखाली धरून इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं, हिला चक्कर येतेय. "म्है... स," ती म्हणाली. "बाई, हे मी कुनाचं ऐकून न्हाय म्हनलं. वाचलं."

सर रोज दाराशी येऊन बघून जात. आठव्या दिवशी, सोमवारी दुपारी, त्यांनी विचारलं, "उद्या काय करणार?"

"हेच."

"किती मुलं वाचतात?"

"सगुणा. बाकी पाच थोडं थोडं. आठ जण अक्षर ओळखायला लागलेत."

"आणि व्हिडिओ लावला तर?"

"चौदा."

सर छत्री उघडून उन्हात निघून गेले. जानेवारीतही ते छत्री वापरत.

मंगळवारी देवकुळे मॅडम वेळेवर आल्या. सोबत शेजारच्या शाळांचे दोन शिक्षक. सरांनी नवा शर्ट घातलेला, त्याच्या घड्या अजून उलगडल्या नव्हत्या. सरपंचांच्या घरचा इन्व्हर्टर दोन माणसांनी उचलून आणून ठेवला होता. औक्षण, नारळ, स्वागतगीत, चहा. सगुणा पहिल्या रांगेत. तिच्या केसांना इतकं तेल लावलं होतं की आईचा निर्णय त्यावरूनच कळावा.

मॅडमनी फॉर्म काढला. "हं. दाखवा."

मी कोरं पान लावलं. सरांनी पुढे वाकून हळूच म्हटलं, "फाइल उघडली नाही वाटतं."

"मॅडम," मी म्हटलं, "तुम्हीच एक वाक्य सांगा. कुठलंही. साधं."

मॅडम क्षणभर गोंधळल्या. पण तयारीच्या बाई होत्या. "शिक्षणाने सर्वांगीण विकास होतो," त्या म्हणाल्या.

मी टाइप केलं. मुलं त्या वाक्याकडे साप निघाल्यासारखी बघायला लागली. ऋतुजानं छडी 'शि'वर ठेवली. "शि." बराच वेळ. "श... नाय... क्ष." मग 'णा'. मग 'ने'. 'सर्वांगीण'पाशी वर्ग चिखलात रुतलेल्या गाडीसारखा थांबला. एक पाहुणे शिक्षक घड्याळाकडे बघून हसले. दुसऱ्यांनी त्यांना ढोसलं. समर्थ सरळ 'विकास'वर उडी मारून 'वि' म्हणाला आणि गप्प बसला. पेनानं फॉर्मवर टकटक झाली.

सर माझ्या खांद्याशी आले. आवाज इतका खाली की तो फक्त मला ऐकू यावा. पण वर्ग शांत होता.

"बाई, जुना लावा."

"बाई, सर बोलले!" समर्थ ओरडला. "लिवा!"

"लिवा! लिवा!" चौदा गळे.

मी सरांकडे पाहिलं. ते 'नको' म्हणत नव्हते. त्यांना अजून कळलंच नव्हतं. नियम कुणी केला होता, कुणासाठी केला होता, सगळं मला माहीत होतं. मी नाही म्हटलं असतं तर मुलांनी ऐकलं असतं. मुलं ऐकतात, हीच तर अडचण असते.

मी बटणं शोधायला लागले. 'जु'. 'ना'. 'ला'. 'वा'. कोकण किनारपट्टीच्या उजवीकडे, भाकरीएवढ्या अक्षरांत.

सगुणा उठून उभी राहिली. "जु... ना." तिनं श्वास घेतला. "ला... वा." मग सगळ्या वर्गाकडे वळून, स्वच्छ, एका दमात, "जुना लावा."

 इन्व्हर्टर गुणगुणत होता.

"जुना काय?" मॅडमनी विचारलं.

सर जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, "व्हिडिओ, मॅडम. तो लावला तर चौदाही मुलं घडाघडा वाचतील. भिंतीवरून पुसून टाकला तरी वाचतील. चूक माझी आहे, सरांची नाही. आठ दिवसांपूर्वी कळलं. आता वाचायला शिकतायत."

मॅडमनी फॉर्म खालून वर वाचला. "इथे विचारलंय, मुले अस्खलित वाचतात का. होय किंवा नाही."

"एक वाचते. पाच थोडी थोडी."

"थोडी थोडीला रकाना नाही," मॅडम म्हणाल्या आणि 'नाही'वर खूण केली. जाताना त्यांनी सगुणाच्या तेलकट डोक्यावर हात ठेवला आणि मग बराच वेळ रुमालानं पुसला.

निवड दुसऱ्या एका शाळेची झाली. तिथेही व्हिडिओ होता. त्यात दूध उतू जात नव्हतं.

नलवडे सर माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडले असते तर बरं झालं असतं. सव्वीस जानेवारीला आम्ही दोघांनी मिळून झेंड्याची दोरी बांधली, एका शब्दाशिवाय. काही सांगायचं असलं की सर चिठ्ठी लिहीत आणि माझ्याच वर्गातल्या एखाद्या मुलाच्या हाती पाठवत. पहिल्या दिवशी चिठ्ठी ऋतुजाच्या हाती आली. व्हरांड्यातून येतानाच तिनं ती उघडली होती.

"ह... जे... री," ती चालत चालत मोठ्यानं म्हणत होती. "हजेरी. पा... ठ... वा. बाई, सर म्हनत्यात हजेरी पाठवा!"

भिंतीपलीकडे तिसरी-चौथीचा वर्ग एकदम शांत झाला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी जरा मोठी आली. 'खिचडीचे तांदूळ संपले. उद्या सांगावे.' ती समर्थनं वाचली, 'संपले'ला दोनदा ठेचकाळून. तिसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत काही कामच नव्हतं. 'आज वारा फार आहे.' एवढंच. ती सगुणानं आणली. वाचून झाल्यावर ती खिडकीकडे गेली, बाहेर बघून आली आणि म्हणाली, "हाय खरा."

 पलीकडून सरांचं खाकरणं ऐकू आलं.

शेवटचा दिवस शनिवार, सकाळची शाळा. निरोप समारंभ, शाल-श्रीफळ वगैरे दहा वाजता ठरलं होतं. आठ वाजता सर माझ्या दाराशी आले. चपला काढल्या. आत आले आणि सतरंजीवर, शेवटच्या ओळीत, मांडी घालून बसले. पोरं वळून बघायला लागली.

"सर बोला की," समर्थ म्हणाला. "बाई लिवत्यात."

सरांनी घसा साफ केला. पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"मी उद्यापासून येणार नाही," ते म्हणाले.

मी लिहायला घेतलं. 'मी'. 'उद्या' शोधायला वेळ लागला. माझी बोटं त्या दिवशी नेहमीपेक्षाही मंद चालली. ऋतुजा छडी घेऊन उभी होती. एकेक शब्द आला तसा वर्ग त्याच्यावरून हळूहळू गेला, तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा. "मी. उ... द्या... उद्या. पा... सू... न. ये... णा... र. ना... ही."

वाक्य संपलं. ऋतुजानं छडी उचलली. पण कुणी पुढचं मागितलं नाही. पोरं भिंतीकडेच बघत राहिली. मग एकेक तोंड सरांकडे वळलं.

चार महिने या वर्गानं कमलची घागर दररोज वाचली होती. नळावर गेलेल्या कमलच्या धड्यात मध्येच दूध कुठून आलं, कुणाचं, कोण ओरडलं, हे चौदांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. ते विचारत नाहीत, हे मलाही कधी खटकलं नव्हतं.

सगुणा उठली. भिंतीवरच्या 'नाही'ला हात लावून आली, खात्री करून घ्यावी तशी. मग सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"का?"

सरांनी चष्मा काढला, नव्या शर्टाच्या टोकानं पुसला आणि तो न घालताच माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पोरगी बोलली. लिहा."